सातव्या झाडाचं २०१४ साल: बारा वर्षांच्या फोटोंतून पहिलं फूल शोधताना

पार्श्वभूमी

सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. एका संस्थेच्या आवारातल्या २३ झाडांचे फोटो त्यांनी २००८ ते २०१९ अशी सलग बारा वर्षं काढले. झाड कधी पालवतं, कधी फुलतं, पानं कधी गळतात याची त्यांना ओढ होती. डायरी ठेवण्याचा मात्र कंटाळा. ‘फोटोवर तारीख असतेच की,’ हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

त्यांनी साधनं तीन वापरली. २०१२ पर्यंत एक साधा कॅमेरा, त्यानंतर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) देणारा, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो घेण्याचं भिंग) बसणारा कॅमेरा, आणि त्याच वर्षापासून फोन. एकूण फाइली जवळपास ३४ हजार. त्या ज्या दिवशी संगणकावर उतरवल्या त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये पडलेल्या. काही फोल्डरांची नावं तर ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘कार्ड तिसरं’ अशी. फोटो पाहण्यासाठी ते गूगलचं पिकासा हे सॉफ्टवेअर वापरत आणि त्या-त्या मोसमातल्या पहिल्या फुलाच्या फोटोला तारा देत. गूगलने मार्च २०१६ मध्ये पिकासाला सुधारणा आणि मदत देणं थांबवलं, त्यानंतर संगणकही बदलला आणि ताऱ्यांचा विषय मागे पडला.

वनस्पतींच्या ऋतुचक्रावर काम करणाऱ्या एका अभ्यासकाने सरांना विचारलं: प्रत्येक झाडाला दर वर्षी पहिलं फूल कोणत्या तारखेला आलं, ते देता येईल का? २३ झाडं, १२ वर्षं, म्हणजे २७६ चौकटींचा तक्ता. ‘सगळं आहे माझ्याकडे, तू फक्त शोधून दे,’ असं सर मला म्हणाले. सोपं काम आहे, असंच मलाही वाटलं.

अडचण

‘सगळं आहे’ हे खरं होतं. ‘फक्त शोधायचं आहे’ हे मात्र खरं नव्हतं. फोटो सांभाळणारं कोणतंही सॉफ्टवेअर तीन प्रकारच्या गोष्टी शोधू शकतं. कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली माहिती, म्हणजे तारीख, वेळ, लेन्स, फोकल लांबी वगैरे एक्झिफ नोंदी. माणसाने घातलेली माहिती, म्हणजे टॅग (फोटोला जोडलेला शोधशब्द), तारे, शीर्षक. आणि चित्रात काय दिसतं याचा यंत्राने केलेला अंदाज. ‘सातवं झाड’ आणि ‘पहिलं फूल’ या दोन गोष्टी कॅमेऱ्याने लिहिलेल्या नव्हत्या आणि माणसानेही जवळजवळ नव्हत्याच.

फोनच्या फोटोंत जीपीएस होतं, म्हणून नकाशावरून झाडं वेगळी करता येतील अशी आशा होती. पण झाडांमध्ये सहा-आठ मीटरचं अंतर, आणि दाट पानांखाली फोनची चूक त्याहून मोठी. एकाच झाडाचे ठिपके चार झाडांवर पसरले होते. कॅमेऱ्यांत तर जीपीएस नव्हतंच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरांचा: प्रत्येक झाडाचं एक फोल्डर करायचं आणि फाइली उचलून त्यात टाकायच्या. मी नको म्हणालो. एका फ्रेममध्ये दोन झाडं असली की कोणत्या फोल्डरला प्राधान्य द्यायचं? शिवाय उतरवण्याच्या क्रमाची जी थोडीफार खूण उरली होती, तीही पुसली गेली असती.

दुसरा पर्याय यंत्राच्या नजरेचा. चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या सेवेवर आम्ही पाचशे फोटो चढवून ‘फूल’ शोधलं. मोठी, जवळून घेतलेली फुलं झटकन आली. शेंड्यावरचं एकच उमललेलं फूल, जे आम्हाला हवं होतं, ते बहुतेक वेळा सुटलं. कळी आणि फूल यांतला फरकही त्याला कळत नव्हता. कुठल्या मोसमात कुठे पाहायचं याचा ढोबळ अंदाज त्यातून मिळतो, पण ‘पहिलं’ हा शब्द आला की ते कामाचं नाही.

तिसरा पर्याय कॅटलॉग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्यात मूळ फोटो जागचे न हलवता त्यांची नोंदवही तयार करायची आणि टॅग लावून शोधायचं. आम्ही डिजिकॅम घेतलं. ते मुक्त स्रोत आहे, रॉ फाइली वाचतं, टॅगांची उतरंड करू देतं, आणि त्याची नोंद एसक्यूलाइट या साध्या, फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसमध्ये राहते.

पहिला निर्णय: टॅग राहणार कुठे

डिजिकॅममध्ये फोटो आल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘माझे तारे कुठे आहेत?’ रेटिंगवर, म्हणजे फोटोला दिलेल्या चांदण्यांवर, फिल्टर लावला. एकही फोटो नाही.

इथे चूक माझी होती. पिकासा हे तारे फोटोच्या फाइलमध्ये लिहीत नसे. प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपलेली छोटी मजकूर फाइल असे, तिच्यात फोटोचं नाव आणि त्याखाली तारा असल्याची ओळ. जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर आणताना मी जेपेग (नेहमीच्या फोटो-फाइली) आणि रॉ एवढ्याच फाइली निवडल्या होत्या, म्हणून त्या चिठ्ठ्या मागेच राहिल्या. नशिबाने जुनी डिस्क पुसलेली नव्हती. तिच्यातून २०४ ताऱ्यांची यादी निघाली.

या प्रसंगानंतर टॅग कुठे लिहायचे हा प्रश्न तांत्रिक उरला नाही. फक्त डेटाबेसमध्ये ठेवले, तर सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा तेच होणार. थेट मूळ फाइलमध्ये लिहिले, तर ३४ हजार मूळ फोटोंना हात लागणार. आम्ही एक्सएमपी साइडकार फाइली निवडल्या. फोटोच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी फाइल राहते आणि ती इतर सॉफ्टवेअरनाही वाचता येते. यात एक जोखीम आहे आणि ती सरांना दोनदा सांगावी लागली: फोटो डिजिकॅमच्या बाहेर जाऊन हलवला किंवा त्याचं नाव बदललं, तर साइडकार अनाथ होते. तेव्हापासून फाइली हलवायच्या त्या डिजिकॅममधूनच.

ताऱ्यांना आम्ही रेटिंग दिलं नाही, ‘जुना तारा’ असा वेगळा टॅग केला. हे पुढे उपयोगी पडलं, कारण ताळा केल्यावर २९ तारे पहिल्या फुलावर नव्हते. काही वर्षं सरांनी पहिल्या फुलाऐवजी सुंदर आलेल्या फोटोला तारा दिला होता. ‘तेव्हा तसं वाटलं असेल,’ म्हणाले. ते तारे आम्ही थेट पाच चांदण्या म्हणून आत घेतले असते, तर दोन वेगळे अर्थ एकमेकांत मिसळून गेले असते.

दुसरा निर्णय: टॅग किती आणि कसे लावायचे

सरांनी केलेल्या पहिल्या यादीत ६१ टॅग होते. मधमाशी, कीड, सालीचा रंग, प्रकाश. प्रत्येक टॅग रास्त, पण प्रत्येक टॅग म्हणजे ३४ हजार फोटोंकडे पुन्हा एकदा पाहणं. आम्ही दोनच फांद्या ठेवल्या. ‘झाड’ या टॅगखाली ०१ ते २३, आणि ‘अवस्था’खाली पालवी, कळी, फूल, फळ, पानगळ. आणखी एक सुटा टॅग ठेवला, ‘शंका’. तो सगळ्यांत जास्त वापरला गेला.

सगळे फोटो पाहायचे नव्हतेच. प्रत्येक झाड साधारण कोणत्या दोन महिन्यांत फुलतं हे सरांना तोंडपाठ होतं. टाइमलाइनवर तेवढेच महिने निवडायचे, थंबनेल (फोटोंची छोटी चित्रं) मोठी करायची, सर झाड ओळखणार आणि मी टॅग लावणार.

जवळून घेतलेल्या फुलांपाशी गाडी अडली. पडदाभर एक पाकळी, झाड कोणतं? मी मॅक्रो लेन्सच्या फोकल लांबीवर फिल्टर लावला, असे सगळे फोटो एकत्र आणले आणि म्हटलं, आता एका बैठकीत हे संपवू. सरांनी वीसेक फोटो पाहिले आणि थांबले. ‘मी नेहमी आधी अख्खं झाड घेतो, मग जवळ जातो. आधीचा फोटो दाखव.’ आधीचा फोटो माझ्याच फिल्टरने लपवला होता.

फिल्टर काढला, वेळेनुसार क्रम लावला आणि प्रत्येक फुलाच्या अलीकडे त्याचं झाड उभं राहिलं. नको असलेलं बाजूला होतं म्हणून फिल्टर बरा वाटतो, पण त्याबरोबर शेजारही जातो. या संग्रहात झाडाची ओळख शेजारच्या फोटोतच होती.

तिसरा निर्णय: नकला काढायच्या का

संग्रहात नकला खूप होत्या. डिजिकॅममध्ये दिसायला सारखे फोटो शोधण्याची सोय आहे. ती चालवली तेव्हा एकेका गटात पंधरा-पंधरा फोटो आले: तेच झाड, तीच जागा, तीच चौकट. एक सोडून बाकीचे उडवावेत असा मोह होत होता. बारकाईने पाहिलं तर ते वेगवेगळ्या दिवसांचे होते. सर बारा वर्षं मुद्दाम एकाच ठिकाणी उभं राहून फोटो घेत आले होते, आणि दोन दिवसांतला तो जेमतेम दिसणारा फरक हीच आमची माहिती होती.

म्हणून साम्यावरून एकही फोटो काढला नाही. ज्या फाइली बाइट न् बाइट सारख्या होत्या, ज्यांचा चेकसम (फाइलीतल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला, तेवढ्याच बाजूला केल्या. डिस्कवर जागा फारशी सुटली नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

पहिला तक्ता आणि कोरी चौकट

टॅग लावून झाल्यावर शोध सोपा होता: झाड अमुक, अवस्था फूल, वर्ष तमुक, तारखेनुसार क्रम, पहिला फोटो. २७६ पैकी १३१ चौकटी भरल्या. उरलेल्या १४५ चौकटींत मी ‘फुललं नाही’ असं लिहून टाकलं.

तो तक्ता पाठवण्याच्या आदल्या दिवशी सर सातव्या झाडाच्या ओळीवर बोट ठेवून बसले. २०१४ कोरं. ‘त्या वर्षी हे झाड लालबुंद झालं होतं. मी रोज जात होतो.’

मी मार्च-एप्रिल २०१४ उघडून दाखवलं. सातव्या झाडाचा एकही फोटो नव्हता. तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या तळाशी गेलं. डिजिकॅम तिथे एखादा फिल्टर चालू आहे का ते सांगतो, आणि एक चालू होता: फक्त जेपेग. रॉ आणि जेपेगच्या जोड्या दोनदा दिसू नयेत म्हणून मी तो टॅग लावण्याच्या काळात बसवला होता. त्या मोसमात सर फक्त रॉ काढत होते. म्हणजे ते फोटो कुणी टॅग लावायला पाहिलेच नव्हते.

फिल्टर काढल्यावर ६ मार्चला कळ्या दिसल्या आणि २४ एप्रिलला फळं. मधल्या दिवसांत काहीच नाही. रोज जाणाऱ्या माणसाचे सहा आठवडे गायब.

ते सापडले ते उलट्या शोधातून. कॅमेऱ्याचं मॉडेल निवडलं आणि तो विकत घेण्याआधीच्या तारखेचे फोटो मागितले. असे फोटो असूच शकत नाहीत. ४१२ निघाले, सगळे जानेवारी-फेब्रुवारी २०१० चे. पहिल्याच थंबनेलमध्ये फुललेलं सातवं झाड. ‘हे झाड जानेवारीत कधीच फुलत नाही,’ सर म्हणाले. कॅमेऱ्याच्या आत घड्याळ चालू ठेवणारा एक लहान सेल असतो. मुख्य बॅटरी बराच काळ काढून ठेवली की तो उतरतो आणि घड्याळ मुळारंभाच्या तारखेवर जातं. इथे ते १ जानेवारी २०१० वर गेलं होतं, आणि सरांच्या लक्षात येईपर्यंत सहा आठवडे उलटले होते.

चौथा निर्णय: तारखा कशा दुरुस्त करायच्या

दुरुस्तीसाठी एक पक्की खूण लागते. एका सकाळी तुटून पडलेली एक फांदी सरांनी कॅमेऱ्याने आणि फोनने, दोन्हींनी टिपली होती. फोन नेटवर्कवरून वेळ घेत होता, त्याची नोंद १९ मार्च २०१४, सकाळी ८.०५. कॅमेऱ्याची १२ जानेवारी २०१०, पहाटे २.४०. फरक १५२७ दिवस, ५ तास २५ मिनिटं. हा फरक मी वर्षं-महिने-दिवस असा न घेता मुद्दाम निव्वळ दिवसांत घेतला. महिने लहानमोठे असतात, आणि ‘चार वर्षं दोन महिने सात दिवस’ असं सरकवलं की महिन्याच्या टोकाला एखाद-दोन दिवसांची चूक शिरू शकते. आमच्यासाठी एक दिवस म्हणजे सगळंच.

एका जोडीवर विसंबलो नाही. आणखी एक जोडी शोधली, तिथे फरक एका मिनिटाने वेगळा आला. चालेल. मग ४१२ फोटोंची वेळ एकगठ्ठा सरकवली. सुधारित तारीख साइडकारमध्ये गेली, मूळ फाइलमधली चुकीची तारीख तशीच ठेवली, आणि सगळ्यांना ‘घड्याळ दुरुस्त’ टॅग लावला. उद्या कुणाला शंका आली, तर मूळ नोंद जागेवर सापडली पाहिजे.

निष्पत्ती

सातवं झाड २०१४ मध्ये १७ मार्चला फुललं. १४ मार्चच्या फोटोत अजून कळ्या आहेत.

या दुसऱ्या वाक्याने तक्त्याचं रूप बदललं. ‘पहिलं फूल’ म्हणजे सरांना पहिल्यांदा दिसलेलं फूल. ते खरोखर कधी उमललं हे शेवटचा बिनफुलाचा फोटो आणि पहिला फुलाचा फोटो यांच्यामध्ये कुठेतरी असतं. तोवर आम्ही फक्त फुलं शोधत होतो. आता फुलं नसलेले फोटोही शोधायला हवे होते, आणि त्यांच्यासाठी टॅग नव्हता. ‘अवस्था’खाली ‘फूल नाही’ हा टॅग वाढवला आणि सगळे मोसम पुन्हा पालथे घातले. या फेरीला तीन आठवडे गेले. या वेळी दर बैठकीच्या सुरुवातीला तळाची पट्टी पाहायची आणि ‘एकही टॅग नसलेले’ फोटो मागून काही सुटलंय का ते तपासायचं, असं ठरवलं होतं.

नवा तक्ता असा झाला: १८८ चौकटींत तारीख, त्यातल्या ११२ ठिकाणी आधीची बिनफुलाची नोंद सात दिवसांच्या आतली. ४१ चौकटींत ‘मोसमभर पाहिलं, फूल दिसलं नाही’. ४७ चौकटींत ‘त्या काळात पुरेसे फोटो नाहीत’. माझ्या पहिल्या तक्त्यात या शेवटच्या दोन प्रकारांना, आणि पुढे तारीख मिळालेल्या ५७ चौकटींनाही, एकच नाव होतं: फुललं नाही. पडद्यावर हे सगळे एकसारखेच कोरे दिसतात. तो तक्ता गेला असता तर चुकीची माहिती कुणाच्या तरी अभ्यासात खरी म्हणून बसली असती, या विचाराने मला आजही अस्वस्थ होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी एक झाड घेऊन त्याची बारा वर्षं शेवटपर्यंत न्यायला हवी होती. फिल्टर, घड्याळ, ‘फूल नाही’ची उणीव, हे सगळं त्या एका ओळीत दिसलं असतं. आम्ही २३ झाडांना एकदम हात घातला आणि एकच काम दोनदा केलं.

अशक्य गोष्टी मागणारे शोध सुरुवातीलाच चालवायला हवे होते: कॅमेरा घेण्याआधीच्या तारखा, रात्री दोन-तीनच्या वेळा, कॅमेऱ्याचं नावच नसलेल्या फाइली. असे शोध जवळजवळ रिकामे यायला हवेत. ते भरलेले आले की गडबड कुठे आहे हे आपोआप कळतं. आता हे शोध डिजिकॅममध्ये नावानिशी जतन केले आहेत आणि नवे फोटो आले की चालवले जातात.

आणि डिस्कवरून डिस्कवर नेताना अख्खं फोल्डर उचलायचं, लपलेल्या फाइलींसकट. काय उपयोगाचं आहे ते मी ठरवायला गेलो तिथेच तारे गेले होते.

एका गोष्टीबद्दल मात्र सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या ४७ चौकटींपैकी काही सरांना आठवतात. ‘नववं झाड २०११ ला नक्की फुललं होतं,’ ते म्हणतात. माझं म्हणणं, तक्ता फोटोंचा आहे, आठवणींचा नाही. शेवटी तक्त्याच्या बाहेर एक वेगळा रकाना केला, त्यात सरांची आठवण त्यांच्या शब्दांत, तारखेशिवाय. अभ्यासकाने तो रकाना ठेवून घेतला.

सर अजून फेरीला जातात. झाडासमोर उभं राहिलं की आधी झाडाचा क्रमांक लिहिलेल्या पाटीचा फोटो, मग अख्खं झाड, मग जवळून. फूल नसलं तरी. दर महिन्याच्या पहिल्या फेरीला फोनवरचं घड्याळ कॅमेऱ्याने टिपतात.